इन्चार्ज सिस्टरांना ओढाताण हाताळायला शिकवायचंय? सुरुवात इथून करा

स्टाफ नर्सची इन्चार्ज, म्हणजे वॉर्डप्रमुख, होते तेव्हा तिच्या ताब्यात किल्ल्या येतात, डेड स्टॉकचं (टिकाऊ सामानाचं) रजिस्टर येतं आणि ड्यूटी लावायचा कागद येतो. सरकारी रुग्णालयात ज्येष्ठतेनं अधिपरिचारिकेची (स्टाफ नर्सची) परिसेविका (इन्चार्ज) होते. खासगीत बहुधा हात चांगला आणि डोकं शांत असलेल्या सिस्टरकडे वॉर्ड सोपवला जातो. दोन्हीकडे काल संध्याकाळपर्यंतचं काम एक आणि आज सकाळपासूनचं काम अगदीच दुसरं, आणि हे दुसरं शिकवायला कुणी नसतं. व्यवस्थापन हा विषय नर्सिंगच्या अभ्यासक्रमात असतो. अमेरिकी प्रशासनतज्ज्ञ ल्यूथर गुलिक यांचं १९३७ सालचं 'पोस्डकॉर्ब' प्रत्येकीनं परीक्षेसाठी घोकलेलं असतं, नियोजनापासून अंदाजपत्रकापर्यंत सात कप्पे. वॉर्डातली अडचण या कप्प्यांत बसत नाही, कारण तिथे दोन बरोबर गोष्टी एकाच वेळी दारात येऊन उभ्या राहतात. डिस्चार्ज बारापर्यंत व्हायला हवेत हे बरोबर, आणि इन्सुलिन कसं घ्यायचं हे आजीबाईंना समजावल्याशिवाय घरी पाठवायचं नाही हेही बरोबर. चार्ट पूर्ण हवेत, आणि सिस्टर पेशंटजवळही हवी.

हा लेख त्यांच्यासाठी आहे ज्यांच्याकडे अशा नव्या इन्चार्जना प्रशिक्षण द्यायचं काम पहिल्यांदाच आलंय: पाठ्यनिर्देशिका, सहाय्यक अधिसेविका, खासगी रुग्णालयातल्या नर्सिंग एज्युकेटर. 'लीडरशिप स्किल्स'च्या तयार स्लाइड्स तुम्हाला कुणीतरी फॉरवर्ड करेलच. त्या बाजूला ठेवा. या प्रशिक्षणातून एकच गोष्ट साधायची आहे: समोरची ओढाताण आपण तोलायची आहे, की तो मुळात तुटवडा आहे आणि वर लिहून पाठवायचा आहे, हे इन्चार्जला ओळखता आलं पाहिजे. बाकी सगळं या एका ओळखीभोवती बांधा.

पहिली पायरी: आधी परवानगी, आणि तीही लेखी

गट १२ ते १६ जणींचा असावा. त्याहून मोठा झाला की बोलणाऱ्या चौघीच बोलतात. सलग दोन दिवसांचं शिबिर इन्चार्जना परवडत नाही, आणि ऐकलेलं वापरून बघायला मध्ये वेळही मिळत नाही. दोन-दोन तासांची चार सत्रं घ्या, आठवड्याला एक, दुपारच्या पाळी बदलण्याच्या आगेमागे, म्हणजे वॉर्डात दोन्ही पाळ्यांच्या सिस्टर असतात. त्या दोन तासांत प्रत्येक वॉर्डात इन्चार्जच्या जागी कोण, हे अधिसेविकांच्या सहीनं आधीच वाटून घ्या. हे केलं नाही तर दर दहा मिनिटांनी फोन वाजणार आणि "मॅडम, राऊंड आलाय" म्हणत अर्धा वर्ग उठून जाणार.

मेट्रन मॅडम, म्हणजे अधिसेविका, पहिल्या सत्राला दीपप्रज्वलनापुरत्या आल्या तर हरकत नाही, पण नंतर त्यांनी बसू नये. वरिष्ठ समोर असताना कुणीही खरी अडचण सांगत नाही. त्यांच्यासाठी शेवटी वेगळा तास ठेवा. तो का लागतो, ते पुढे येईलच.

दुसरी पायरी: वर्ग भरवण्याआधी वॉर्डात बसा

उदाहरणं पुस्तकातून घेऊ नका. सकाळचा ओव्हर (एका पाळीनं दुसरीला पेशंट सोपवणं) सुरू असताना एका कोपऱ्यात उभ्या राहा. एखादी संध्याकाळ आणि एखादी रात्रही तिथे काढा. मेडिसिन, प्रसूती, आयसीयू, कॅज्युअल्टी असे वेगवेगळ्या स्वभावाचे वॉर्ड निवडा. काय टिपायचं? 'एकीकडे... आणि दुसरीकडे...' असं वाक्य ज्यातून तयार होईल अशी प्रत्येक घटना, आणि ती ज्या शब्दांत सांगितली गेली ते शब्द. "नवीन मुलीला शिकवत बसले तर इंजेक्शनं दोनपर्यंत संपणार नाहीत" हे एक. "मावशींना बोलले तर त्या उद्या येणारच नाहीत" हे दुसरं. "रेसिडेंट म्हणतो आत्ता बेड रिकामा करा, फार्मसी म्हणते बिल क्लिअर नाही" हे तिसरं (रेसिडेंट म्हणजे निवासी डॉक्टर).

टिपणं वाचताना वेंडी स्मिथ आणि मॅरिएन लुईस या दोन अमेरिकी अभ्यासकांनी २०११ साली मांडलेली विभागणी उपयोगी पडते. संस्थेतल्या ओढाताणीचे त्यांनी चार प्रकार सांगितले. वॉर्डाच्या भाषेत ते असे: आजचं काम उरकणं आणि उद्यासाठी शिकवणं, नियंत्रण ठेवणं आणि मोकळीक देणं, वेगवेगळ्या लोकांच्या वेगवेगळ्या अपेक्षा एकाच वेळी पुऱ्या करणं, आणि 'मी यांच्यातली की यांच्यावरची' हा प्रश्न. वर्गात हे चार प्रकार शिकवायला बसू नका, त्याचा पुन्हा पोस्डकॉर्ब होईल. तुमच्या टिपणांत एखादा प्रकार अजिबात आला नसेल तर तो तुमच्या नजरेतून सुटलाय, एवढ्याचपुरते ते वापरा.

बहुतेकदा सुटतो तो चौथा, कारण तो कुणी बोलून दाखवत नाही. हॉस्टेलला एका खोलीत राहिलेली, एकाच डब्यातून जेवलेली मैत्रीण आता हिला रजा मागते. किंवा ३१ वर्षांची इन्चार्ज आणि तिच्या हाताखाली ५२ वर्षांच्या सिस्टर, ज्यांनी हिला शिकाऊ असताना कॅथेटर धरायला शिकवलं. त्यांना ती 'ताई' म्हणत आली आहे. आता त्याच ताईंना हात न धुता ड्रेसिंग केलं म्हणून टोकायचं आहे. नव्या इन्चार्ज इथे दोन टोकांना जातात. एक एकदम 'मॅडम' होते, चहालाही वेगळी बसते. दुसरी कुणालाच काही बोलत नाही आणि सगळी अवघड कामं स्वतः करते. दुसरी जास्त कौतुकाची ठरते आणि लवकर थकते. तिच्याकडे जास्त लक्ष ठेवा.

तिसरी पायरी: तीन ढीग

पहिल्या सत्राचं काम एवढंच. टिपलेल्या घटना जाड कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहा, एका चिठ्ठीवर एक. गटांना वाटा आणि तीन ढीग करायला सांगा.

पहिला ढीग नुसत्या अडचणींचा. लिनन (चादरी-कपडे) वेळेवर येत नाही, सक्शन मशीन बंद आहे, इंडेंटची (सामान-औषधांच्या मागणीची) वेळ आणि फार्मसीची वेळ जुळत नाही. एकदा नीट मागे लागलं की सुटतात. यांना उगाच ओढाताण म्हणू नये.

दुसरा ढीग खऱ्या ओढाताणीचा. ओळखायची खूण अशी: आज एका बाजूनं निर्णय घेतला तरी महिन्याभरात प्रश्न परत येतो, आणि दोन्ही बाजू सोडून चालत नाही. बॅरी जॉन्सन या अमेरिकी सल्लागारांनी यासाठी श्वासाचं उदाहरण दिलंय. आत घेणं चांगलं की बाहेर सोडणं, असा प्रश्नच नसतो. एक फार वेळ चाललं की दुसऱ्याची गरज पडते. नर्सेसना हे समजवायला दुसरं काही लागत नाही.

तिसरा ढीग तुटवड्याचा, आणि हाच बहुतेक प्रशिक्षणांत गाळला जातो. "कमी स्टाफमध्ये दर्जा कसा राखावा" असा प्रश्न आला की शिकवणारे लगेच वेळेच्या नियोजनाकडे वळतात. तसं करू नका. आधी हिशेब मांडा. तो प्रत्येकीनं वहीत स्वतः करायचा आहे.

समजा ३० खाटांचा वॉर्ड आहे. सकाळी ३, संध्याकाळी २, रात्री २ सिस्टर हव्यात, म्हणजे दिवसाला ७ ड्यूट्या. वर्षाच्या झाल्या २,५५५. आता एक सिस्टर वर्षात किती दिवस कामावर असते? ३६५ मधून ५२ साप्ताहिक ऑफ, ८ किरकोळ रजा, ३० अर्जित रजा आणि १५ सणांच्या व राष्ट्रीय सुट्ट्या वजा केल्या की २६० उरतात. २,५५५ ला २६० नं भागा: ९.८. म्हणजे हा वॉर्ड चालवायला १० सिस्टर लागतात, आणि या दहात आजारपण, प्रसूती रजा, बाहेरची ट्रेनिंगं यातलं काहीच धरलेलं नाही. एक प्रसूती रजेवर गेली की उरल्या ९. त्यांच्या मिळून २,३४० ड्यूट्या होतात. वर्षाच्या हिशेबानं २१५ कमी पडतात, म्हणजे ती रजेवर असेपर्यंत आठवड्याला चार. या चार ड्यूट्या दर आठवड्याला कुणाच्या तरी ऑफमधून निघत असतात. बहुधा 'नाही' म्हणता न येणाऱ्या मुलीच्या.

हा आकडा फळ्यावर आला की वर्ग शांत होतो. वर्षभर जे आपल्या नियोजनाचं अपयश वाटत होतं ते वजाबाकीचं उत्तर होतं, हे पहिल्यांदा दिसतं. भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाणही शेजारी लिहा: अध्यापन रुग्णालयात ३ खाटांमागे १ परिचारिका, सर्वसाधारण रुग्णालयात ५ खाटांमागे १, आणि शिवाय ३० टक्के रजा राखीव. आपला वॉर्ड त्यात कुठे बसतो ते प्रत्येकीनं काढावं.

तिसऱ्या ढिगातल्या चिठ्ठ्या टाकून द्यायच्या नाहीत. त्या एका पाकिटात भरून ठेवा. शेवटच्या तासाला लागतील.

चौथी पायरी: फळ्यावर चार चौकोन

दुसऱ्या सत्रात दुसरा ढीग उघडायचा. जॉन्सन यांनी अशा ओढाताणीसाठी एक साधी आकृती वापरली: चौकटीचे चार भाग, डावीकडे एक बाजू, उजवीकडे दुसरी, वर तिचे फायदे, खाली तिचा अतिरेक झाला की होणारं नुकसान. एका सत्रात एकच ओढाताण घ्या. दोन घेतल्या की दोन्ही अर्धवट राहतात.

सुरुवातीला ड्यूटी लावण्याचीच घ्या, कारण तिथे प्रत्येकीचा जीव अडकलेला असतो. डावीकडे लिहा: 'नियम सगळ्यांना सारखा'. उजवीकडे: 'माणूस बघून सूट'.

डावीकडे वर काय येईल ते वर्गच सांगतो. नाईट कधी येणार हे आधी कळतं, घरचं ठरवता येतं, पक्षपात होतो असं कुणी म्हणत नाही. उजवीकडे वर: लेकराला ताप आहे तिला सांभाळून घेतलं जातं, सातव्या महिन्यातल्या सिस्टरला नाईट पडत नाही, दहावीच्या परीक्षेच्या काळात आईला सकाळची पाळी मिळते, आणि या उपकाराची परतफेड माणसं करतात.

खालचे चौकोन भरायला जरा वेळ द्या. नियमाचा अतिरेक झाला की बदल्या पाठीमागून होतात; कागदावर एकीचं नाव, ड्यूटीला दुसरी. रजा मिळत नाही म्हटल्यावर आजारपणाचे फोन येतात, तेही नाईटच्याच दिवशी. सूट फार झाली की 'ती मॅडमची लाडकी' सुरू होतं. शिवाय सूट कुणाला मिळते हे नीट पाहिलं तर ज्यांना मागता येतं त्यांनाच मिळते. लग्न न झालेल्या, हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलींना 'तुला काय, घरी कोण वाट बघतंय' म्हणत सगळ्या दिवाळ्या नाईटला लावलं जातं. गणपतीत कोकणातल्या सगळ्यांना गावी जायचं असतं. केरळच्या सिस्टर असतील तर ओणम आणि नाताळ आहे, ईद आहे. इन्चार्ज स्वतः ज्या सणाला घरी जाते तो सण तिला जास्त खरा वाटतो, हे वर्गात कुणीतरी म्हणेलच. म्हणू द्या.

चार चौकोन भरले की खरा प्रश्न विचारा: आपण खाली घसरतोय हे सगळ्यात आधी कशावरून कळेल? 'वातावरण बिघडतं' असलं उत्तर स्वीकारू नका, मोजता येईल अशी खूण हवी. एका महिन्यात आपसात केलेल्या बदल्या किती? नाईटच्या दिवशीची आजारपणं किती? गेल्या सहा महिन्यांत सणाच्या रात्री कोणाकोणाच्या नावावर? हे सगळं रजिस्टरमध्ये आधीच असतं, फक्त या नजरेनं कुणी पाहिलेलं नसतं. नियमाच्या बाजूची खूण दिसली की सूट देण्याकडे झुकायचं, सूट देण्याच्या बाजूची दिसली की नियमाकडे. आणि झुकताना सांगून झुकायचं: "हे दोन महिने मी परीक्षेवाल्या आयांना सकाळ देतेय. मे महिन्यात नाईट त्या जास्त करतील. कागद इथे लावलाय." न सांगता दिलेली सूट आणि सांगून, मुदत घालून दिलेली सूट यांत वॉर्डाच्या दृष्टीनं फार फरक आहे.

'समतोल' हा शब्द मात्र जपून वापरा. तो ऐकला की सगळ्यांना अर्धं-अर्धं वाटतं. रात्री तीन वाजता पेशंट कोलमडतो तेव्हा मोकळीक वगैरे काही नसतं, हुकूम असतो. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच घटनेवर बोलताना हुकूम उपयोगाचा नसतो.

यातूनच दुसरी ओढाताण येते, तिसऱ्या सत्रासाठी: शिस्त आणि चूक सांगायची मोकळीक. इथे अमेरिकी अभ्यासक एमी एडमंडसन यांचा १९९६ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास जरूर सांगा. चांगल्या टीमकडून औषधांच्या चुका कमी होतात हे दाखवायला त्या निघाल्या होत्या. आकडे उलटे आले: ज्या युनिटमध्ये नेतृत्व आणि आपसातले संबंध चांगले, तिथेच चुकांची नोंद जास्त होती. कारण तिथे सिस्टर चूक सांगत होत्या. इतर ठिकाणी ती झाकली जात होती. आपल्याकडे चूक सांगितली की मेमो मिळतो, म्हणून 'शून्य चुका' असलेलं रजिस्टर दिसलं की मला तरी धडकीच भरते.

मग काहीही चाललं तरी बोलायचं नाही का? तसं नाही. सुरक्षातज्ज्ञ डेव्हिड मार्क्स यांनी चुकांची केलेली तीन भागांतली फोड इथे कामी येते. समजा, दोन औषधांच्या ॲम्प्यूल सारख्या दिसतात आणि एकाच ट्रेमध्ये आहेत, थकलेल्या सिस्टरनं चुकीची उचलली. ही मानवी चूक. तिला धीर द्या आणि ट्रे बदला. पोटॅशियम क्लोराइडची ॲम्प्यूल जनरल ट्रेमध्ये पडलेली असेल तर आधी ती तिथून हलवा, चौकशी मागून. दुसरं, घाईत पेशंटचं नाव न विचारता खाट बघून औषध देण्याची सवय. हे सगळेच करतात म्हणून धोका दिसेनासा झालाय. इथे समज द्यायची आणि ती सवय का लागली ते शोधायचं. तिसरं, सांगूनही जाणूनबुजून केलेलं बेफिकीर वागणं. इथे मेमोच. प्रत्येक गटाला पाच-सहा घटना द्या आणि कोणती कुठे बसते यावर भांडू द्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या भागाच्या सीमेवर जोरात भांडण होतं. तुम्ही मध्ये पडू नका.

पाचवी पायरी: जे तोलायचंच नाही

चार चौकोन एकदा आवडले की सगळंच त्यात घालायचा मोह होतो. म्हणून काही गोष्टी आधीच बाहेर काढून ठेवा. लैंगिक छळाची तक्रार ही 'वॉर्डाचं नाव विरुद्ध एकीची तक्रार' अशी ओढाताण नाही. २०१३ च्या कायद्याप्रमाणे ती अंतर्गत समितीकडे जाते. प्रसूती रजा ही इन्चार्जची मेहरबानी नाही. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे मिळतात, राज्य सरकारी सेवेत १८० दिवस. स्टाफवर हात उगारणाऱ्या नातेवाइकाला 'जाऊ दे, दुःखात आहेत' म्हणून सोडायचं की नाही, हे इन्चार्जनं एकटीनं ठरवायचं नाही. महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्यानं असा हल्ला दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा ठरवलाय आणि त्या संरक्षणात परिचारिकाही येतात. पेशंटची ओळख पटवणं, रक्ताच्या पिशवीची दोघींनी केलेली तपासणी, हेही तोलायचं नाही.

सहावी पायरी: तोंडानं सराव

इन्चार्जला काय करायचं हे बऱ्याचदा माहीत असतं, शब्द सुचत नाहीत. चौथ्या सत्रात तिघीतिघींचे गट करा: एक इन्चार्ज, एक समोरची व्यक्ती, एक नुसती बघणारी. सगळ्यांसमोर नाटक करायला लावलंत तर हसण्यातच वेळ जातो. एखादा समजूतदार रेसिडेंट तासभर मिळाला तर सोन्याहून पिवळं, कारण बेड रिकामे करायच्या घाईचं त्याचंही एक म्हणणं असतं आणि ते इन्चार्जनी कधी शांतपणे ऐकलेलं नसतं.

तीन संवाद पुरेत. पहिला खाली, म्हणजे हाताखालच्या सिस्टरशी: ताईंना हात धुण्यावरून टोकणं. सूचना एवढीच की ते एकांतात, त्याच पाळीत आणि दोन वाक्यांत संपलं पाहिजे. "ताई, पाच नंबरच्या ड्रेसिंगच्या आधी हात धुतलेले दिसले नाहीत. तुमचं बघून नवीन मुली शिकतात, म्हणून सांगतेय." पुढे 'तुम्ही मोठ्या आहात, मी काय बोलणार' वगैरे जोडायचं नाही. त्यानं आधीची दोन वाक्यं पुसली जातात.

दुसरा आडवा: रेसिडेंटशी, बेडवरून.

तिसरा वर, म्हणजे वरिष्ठांशी, आणि यावर सर्वांत जास्त वेळ घालवा. पेशंटबद्दल डॉक्टरांना कळवताना आपण एसबार वापरतो: परिस्थिती, पार्श्वभूमी, आपला अंदाज, आपली मागणी. अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरून ही पद्धत कायझर पर्मनंटे या संस्थेमार्फत रुग्णालयांत आली. तीच स्टाफसाठी वापरायला शिकवा. नवी इन्चार्ज सहसा असं बोलते: "मॅडम, काहीतरी करा ना, फारच हाल होतायत." त्याला उत्तर मिळतं, "सगळीकडेच आहे, ॲडजस्ट करा." त्याऐवजी:

"मॅडम, आज रात्री वॉर्डात ३४ पेशंट आहेत, त्यातले चार सीरियस. नाईटला दोन सिस्टर आहेत, त्यातली एक नवीन, अजून एकटीनं सीरियस पेशंट सांभाळलेला नाही. मध्यरात्रीनंतर वाइटल्स वेळेवर होणार नाहीत असं मला वाटतं. मला रात्री दहा ते सहा एक अनुभवी सिस्टर हवी. ती मिळणार नसेल तर दहानंतरच्या नवीन ॲडमिशन शेजारच्या वॉर्डात घ्याव्यात. तेही शक्य नसेल तर कोणतं काम थांबवू ते सांगा, मी रजिस्टरमध्ये तसं लिहिते."

शेवटचं वाक्य बोलायला जीभ अडखळते. म्हणून तेच पुन्हा पुन्हा बोलून घ्या, आवाज न चढवता. 'काय थांबवू' हा प्रश्न विचारला की निर्णयाचा भार जिथे असायला हवा तिथे जातो. तोपर्यंत तो इन्चार्जच्या डोक्यावर असतो, आणि तिथून नकळत सगळ्यात कमी बोलणाऱ्या पेशंटच्या वाट्याला जातो.

सातवी पायरी: पाकीट उघडायचा तास

आता मेट्रन मॅडम आणि शक्य असल्यास वैद्यकीय अधीक्षक. त्यांच्यासमोर तिसऱ्या ढिगातल्या चिठ्ठ्या आणि प्रत्येक वॉर्डाचा हिशेब ठेवा. तक्रारीचा सूर नको, आकडे बोलू द्या: या वॉर्डात आठवड्याला चार ड्यूट्या कमी, त्या वॉर्डात सहा. सगळी पदं लगेच भरली जाणार नाहीत हे तुम्हालाही माहीत आहे, त्यांनाही. मागणी छोटी आणि नेमकी ठेवा. दोन वॉर्डांमध्ये मिळून एक राखीव सिस्टर. लिनन मोजायचं आणि स्टोअरमधून सामान आणायचं काम नर्सकडून काढून घेणं. स्टाफ एका ठरावीक संख्येखाली गेला की कोणती कामं आपोआप थांबतील, याची सही झालेली यादी. ही यादी पदरात पडली तरी प्रशिक्षण कामी आलं असं समजा.

हा तास नको म्हणून वरून दबाव येऊ शकतो, आणि त्याऐवजी 'स्ट्रेस मॅनेजमेंट'चं सत्र सुचवलं जाईल. प्राणायामाला माझा विरोध नाही. पण हिशेबात चार ड्यूट्या कमी असताना इन्चार्जला डोळे मिटायला सांगणं मला पटत नाही.

आठवी पायरी: वर्ग संपल्यावरचे तीन महिने

वेगळ्या स्वभावाच्या वॉर्डांतल्या दोघींची जोडी लावा, आयसीयूची प्रसूती वॉर्डाबरोबर. एकीला जे रोजचं वाटतं ते दुसरीला विचित्र दिसतं, आणि तिथून प्रश्न निघतात. प्रत्येकीनं आठवड्याला एका पानावर तीन ओळी लिहायच्या: या आठवड्यात कुठे झुकले, कुणाला सांगितलं, परत कधी फिरणार. ही वही तुम्ही तपासायची नाही, जोडीदारीण वाचेल. महिन्यातून एकदा पाऊण तास सगळ्या भेटतील आणि एक ताजी ओढाताण चार चौकोनांत घालतील.

परिणाम मोजायला 'प्रशिक्षण आवडलं का' हा फॉर्म उपयोगाचा नाही. चहा-समोसा चांगला असला की तो चांगलाच येतो. प्रशिक्षणाआधीच्या तीन महिन्यांचे आकडे काढून ठेवा: नाईटची आजारपणं, आपसातल्या बदल्या, रद्द झालेले ऑफ, बदलीचे अर्ज, नोंदवलेल्या चुका. तीन महिन्यांनी तेच परत काढा. नोंदवलेल्या चुका सुरुवातीला वाढण्याची शक्यता आहे, आणि हे व्यवस्थापनाला आधीच लेखी कळवून ठेवा. नाहीतर एडमंडसन यांचा अभ्यास तुम्हाला चौकशी समितीपुढे समजावून सांगावा लागेल.

दुसऱ्या बॅचच्या वेळी चार चौकोनांचं सत्र पहिल्या बॅचमधल्या दोघींना घेऊ द्या. उदाहरणं त्यांच्या वॉर्डातली असतील, भाषा त्यांची असेल. तुम्ही मागच्या बाकावर बसा, आणि वॉर्डातून येणारे फोन घ्या.